हायब्रिड गाडी, घरच्यांसाठीच

३ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून रोजनिशी. मोठा निर्णय घेताना माणसाने विचार लिहून काढावेत. निर्णय असा, की घरच्यांसाठी मोठी गाडी घ्यायची. सात सीटची, उंच, आणि हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आणि बॅटरीवरची मोटरही. दोघं आपसात ठरवून काम करतात.

मागच्या रविवारी मेहुणा त्याची नवी गाडी दाखवायला आला होता, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. त्याची नुसती पेट्रोलची आहे.

संकल्प: घाई करायची नाही. कुणाला सांगायचं नाही. सगळ्या बाजूंनी तोलून, थंड डोक्याने ठरवायचं. मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख आहे. बाटल्या पट्ट्यावरून येतात, मागे उजेडाचा पडदा असतो, आणि केसाएवढा तडाही माझ्या नजरेतून सुटत नाही. असा माणूस गाडी घेताना फसणं शक्य नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

भोंग्याला सांगितलं.

भोंगा म्हणजे आमचा पॅकिंगचा सुपरवायझर. भट्टीच्या घरघरीतही त्याचं बोलणं गेटपर्यंत ऐकू येतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने सहज विचारलं, काय नवीन? मी म्हणालो, एक हायब्रिड बघतोय. 'बघतोय' एवढंच म्हणालो. दुपारच्या चहापर्यंत ती बुक झाली होती. सुटताना मोठ्या साहेबांनी स्वतः थांबवून रंग विचारला. निळसर राखाडी, म्हणालो. साहेबांना नाही कसं म्हणणार?

घरी विषय काढला. ही म्हणाली, घरात माणसं चार, सीटा सात कशाला? मी म्हणालो, पाहुणे. ही म्हणाली, आपल्याकडे येतं कोण? माझा भाऊ येतो, तो स्वतःच्या गाडीतून येतो. लेक म्हणाली, बाबा, मी जूनमध्ये शिकायला बाहेरगावी चाललेय, विसरलास का? विसरलो नव्हतो. सामान न्यायला गाडी लागणारच. ती म्हणाली, सामान म्हणजे दोन बॅगा आहेत.

अण्णा पेपर वाचत होते. वडील माणसाचं मत घ्यावं म्हणून विचारलं. ते म्हणाले, मला चढता आलं म्हणजे झालं.

एकंदरीत घरचं वातावरण अनुकूल.

१० फेब्रुवारी, शनिवार

शोरूम. एकटाच गेलो. बायको बरोबर असली की विक्रेते तिच्याशीच बोलतात.

एका तरुण मुलीने गाडी दाखवली. नोकरी नवी आहे, अजून प्रोबेशनवर आहे, असं तिनेच सांगितलं. मोकळी मुलगी. बोलताना मध्येच पाठ केलेलं वाक्य आठवायला थांबते. मी विचारलं, चार्जिंगचा प्लग कुठे लावायचा? ती म्हणाली, सर, हिला प्लग नसतो, ब्रेक दाबला, उतारावर गेली, की बॅटरी आपली आपण भरते. मी मान हलवली. हे मला माहीत होतं. तिला माहीत आहे का ते पाहत होतो.

बटण दाबून गाडी सुरू केली. झाली नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. ती म्हणाली, सर, सुरू झाली होती, तुम्ही बंद केलीत. आवाजच नाही! हा दोष समजायचा की गुण, हे अजून ठरलं नाही.

तोलून पाहिलेले मुद्दे. शहरात थांबत थांबत चालताना मोटर जास्त काम करते म्हणून पेट्रोल वाचतं, सलग हायवेवर फरक कमी. तिने विचारलं, सरांचं जाणंयेणं जास्त कुठे? मी हायवे म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. कारखान्याची बस मला घराजवळून नेते आणि घराजवळच सोडते.

तिसऱ्या रांगेत बसून पाहिलं. गुडघे हनुवटीला लागले. बाहेर यायला त्या मुलीने हात दिला. ती रांग लहान मुलांसाठी असते म्हणे. आमच्याकडे लहान मूल नाही, पण पुढेमागे नातवंडं होतील. (लेकीला हे सांगू नये.)

पुढच्या शनिवारी सगळ्यांना घेऊन येतो म्हणालो. तिचा चेहरा खुलला. माझ्यासारखं चोखंदळ गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच मिळालं असावं.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी इमारतीखालची आपली जागा मोजली. हिची शिवणाची टेप घेतली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई बाल्कनीतून म्हणाल्या, काही हरवलंय का? नाही म्हणालो आणि गुडघे झटकले.

निष्कर्ष: दोन खांबांमध्ये गाडी बसते. बसल्यावर दारं उघडत नाहीत. उपाय सोपा आहे. घरच्यांना आधी बाहेर उतरवायचं. मी डिकीतून येईन.

१७ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

टेस्ट ड्राइव्ह झाली. गाडी उत्तम. सगळ्यांना आवडली. परत लावताना मागे किंचित घासली. विशेष काही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दुपारी घाईत लिहिलं. नीट लिहितो.

रस्त्यावर सगळं छान झालं. अण्णांना चढताना जरा वेळ लागला. त्या मुलीने स्वतः खाली वाकून त्यांचा पाय पायरीवर ठेवला. लेकीने मागे गाणी लावली. ही म्हणाली, बसायला बरी आहे. तिच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं. सिग्नलला इंजिन बंद व्हायचं, मग गाडी मोटरवर सरकायची, आणि मी सगळ्यांना सांगायचो की आता मोटरवर आहे बरं का. चौथ्या-पाचव्यांदा लेक म्हणाली, कळलं रे बाबा.

परत आल्यावर दाराशी सगळ्यांना उतरवलं. ते आत चहाला गेले. गाडीत मी आणि ती मुलगी. गाडी मागच्या आवारात लावायची होती. ती म्हणाली, सर, आवारात आमच्यापैकीच कुणी गाडी लावायची असा नियम आहे, द्या माझ्याकडे. मी म्हणालो, तुमच्या जन्माच्या आधीपासून मी गाडी चालवतोय. ती हसली. पुन्हा एकदा म्हणाली, सर, प्लीज. मी रिव्हर्स टाकला होता.

सेन्सर वाजायला लागला. तो गरजेपेक्षा जास्त घाबरट आहे, असं मी तिला समजावत होतो. तेवढ्यात कर्र झालं. मी म्हणालो, दगड असेल. दगड नव्हता. पिवळ्या पट्ट्यांचा खांब होता, कमरेइतका उंच. गाडीचा मागचा कोपरा चेपला होता आणि रंग निघाला होता. हा दोष उजेडाच्या पडद्याशिवायही दिसत होता.

मॅनेजर बाहेर आला. त्याने मला काही विचारलं नाही. तिला विचारलं, गाडी तू लावत होतीस ना?

तिने माझ्याकडे पाहिलं.

मी फोन पाहत होतो. फोनवर काही नव्हतं.

ती म्हणाली, हो सर.

मग तो तिला बोलला. हळू आवाजात, पण आतली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून पाहतील इतपत. प्रोबेशनवर असताना ही तऱ्हा, मग पुढे काय, वगैरे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, सॉरी सर, तुम्हाला त्रास झाला. मी म्हणालो, असू दे, असू दे.

असू दे म्हणालो. मोठ्या मनाने!

अण्णा काचेच्या भिंतीमागे कप घेऊन उभे होते. काच स्वच्छ होती.

येताना टॅक्सीत ते म्हणाले, त्या मुलीला फार बोलले का रे? मी म्हणालो, अण्णा, तो त्यांचा अंतर्गत मामला आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

शांतपणे विचार केला. दाखवायच्या गाड्यांचा विमा असतोच. ओरखडे पॉलिशने जातात. तो खांब चुकीच्या जागी आहे, हे कुणीही सांगेल. आणि 'हो' ती स्वतः म्हणाली, मी म्हणालो नाही.

ती का म्हणाली, हा प्रश्न उरतो. गिऱ्हाइकाच्या हातात गाडी ठेवली म्हणून बोलणी खायची, की स्वतः घासली म्हणून, एवढाच तिच्यापुढे फरक होता. दुसऱ्यात निदान गिऱ्हाईक टिकतं. गिऱ्हाईक म्हणजे मी.

उद्या फोन करून मॅनेजरला स्पष्ट सांगायचं. आज रविवार, त्यांच्याकडे गर्दी असेल.

१९ फेब्रुवारी, सोमवार

मी करण्याआधी त्यांचाच फोन आला. वेगळाच कुणीतरी माणूस. सर, बुकिंग करूया का? मी विचारलं, त्या मॅडम कुठे आहेत? तो म्हणाला, त्या सध्या फ्लोअरवर नाहीत, आत बसतात, त्यांचं काय ते महिनाअखेरीस ठरेल. तुमचं आता मी बघणार.

बोलायची ही वेळ होती. अगदी समोर येऊन उभी राहिलेली.

मी विचारलं, निळसर राखाडी मिळेल का?

मिळेल म्हणाला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज एक अख्खा लॉट परत पाठवला. बाटल्यांच्या मानेखाली बारीक तडा होता. मशीनवरचा ऑपरेटर म्हणाला, साहेब, उजेडाची रेघ आहे ती. मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. चूक होते, चूक कुणाचीही होते, पण झाली म्हणायला काय जातं? ऑपरेटर खाली पाहत उभा राहिला. भोंगा म्हणाला, आपल्या साहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्याने हे नेहमीच्याच आवाजात म्हटलं. म्हणजे भट्टीपर्यंत.

डबा तसाच परत आणला. हिने विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, उकडतंय.

संध्याकाळी आरशासमोर बोलायची तयारी केली. मसुदा असा: 'त्या दिवशी आवारात जी परिस्थिती उद्भवली, तिच्यात काही अंशी माझाही सहभाग असावा.' लेक दारातून जात होती. म्हणाली, बाबा, कोण गेलं?

उद्या नक्की.

२१ फेब्रुवारी, बुधवार

डोकं दुखत होतं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

ओव्हरटाइम. म्हणजे नव्हता, पण असू शकला असता, म्हणून थांबलो. मग रिकाम्या तपासणी खोलीत बसून राहिलो. पट्टा बंद असला की ती खोली फार मोठी वाटते.

घरी आलो तर अण्णा दमलेले दिसले, पाय वर घेऊन बसले होते. काठी दाराशी होती. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, जरा फिरून आलो. या वयात हिंडणं बरं नाही, असं मी त्यांना चार शब्दांत समजावलं. ऐकून घेतलं त्यांनी.

२४ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. शेवटी गेलो. हे नोंदवून ठेवतो, कारण यापुढचं नोंदवण्यासारखं नाही.

मसुदा पाठ होता. मॅनेजरच्या टेबलासमोर बसलो, घसा साफ केला, म्हणालो, त्या दिवशी आवारात जी परिस्थिती. तो म्हणाला, झालं ते सर, तुमचे वडील गुरुवारी येऊन गेले.

मला आधी कळलंच नाही. कुणाचे वडील?

अण्णा बसने गेले होते. दोन बस बदलाव्या लागतात. बाहेरच्या पायऱ्या चढायला त्यांना इतका वेळ लागला, की आतून दोघं धावले, असं मॅनेजर म्हणाला. खुर्ची दिली, पाणी दिलं. अण्णांनी त्याला सांगितलं, गाडी माझ्या मुलाने घासली. मी काचेतून पाहिलं. ती मुलगी नको म्हणत होती. त्याला सांगायचंय, पण तो लहानपणापासून लाजाळू आहे, म्हणून मी आलो.

मी छप्पन्न वर्षांचा आहे.

मॅनेजर चांगलं वागला. हसला नाही. मीच गाडी लावत होतो, हे मी आपलं म्हणालो. त्याचा आता काही उपयोग नव्हता. कालपासून त्यांना परत फ्लोअरवर घेतलंय, असं तो म्हणाला आणि हाक मारून तिला बोलावलंही. हे मी मागितलं नव्हतं.

ती आली. सर, पाणी? मी नको म्हणालो. मग माझ्या तोंडून मसुद्यातलं काहीच निघालं नाही. म्हणालो, त्या दिवशी मी फोन पाहत नव्हतो.

ती म्हणाली, मला माहीत आहे सर.

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर काहीतरी उत्तर देता आलं असतं. माफ करा म्हणालो. तिने मान हलवली, क्षणभर थांबली, आणि मग पाठ केलेल्या आवाजात विचारलं, सर, दुसरं एखादं मॉडेल दाखवू का? मी म्हणालो, कळवतो.

घरी अण्णा खिडकीशी बसून संत्रं सोलत होते. मी म्हणालो, मला आधी सांगायचं नाही का? ते म्हणाले, तू जाशील म्हणून वाट पाहिली. सोमवारी तुझ्या फोनमधून महिनाअखेरीचं मला ऐकू आलं होतं. मग तिचा महिना संपत आला. थोड्या वेळाने त्यांनी अर्धं संत्रं माझ्यापुढे केलं. बिया काढून. मी उभ्या उभ्याच खाल्लं.

२५ फेब्रुवारी, रविवार

गाडी घ्यायची नाही असं ठरवलं. पूर्ण विचारांती. कारणंही काढून ठेवली होती, सगळी तांत्रिक, कुणालाही पटावीत अशी.

सकाळी सगळे टेबलाशी बसल्यावर जाहीर केलं.

ही म्हणाली, बरं. लेक म्हणाली, ओके. अण्णांनी मीठ मागितलं.

कारण कुणीच विचारलं नाही.