तिसऱ्या माईकची जागा

कोइमतूर,
२ मार्च २०२५

सुमेधाताई, जय भीम. बाबांनाही सांग.

कोपरीच्या बारशात गाणं बंद पडलं ते माझ्यामुळे नाही. तू अख्ख्या चाळीत तसं सांगत फिरतेस ते आधी थांबव. काम लवकर सुटलं म्हणून फोन केला. बहिणीला फोन करायला परवानगी लागते का? मला कुठे ठाऊक, की हल्ली आपली ढोलकी तुझ्या मोबाईलात असते आणि मोबाईल त्या भाड्याच्या स्पीकरला जोडलेला असतो. माझा फोन आला, ढोलकी थांबली आणि सगळ्यांसमोर तुझी रिंगटोन वाजली. बाबा पेटीवर हात ठेवून नुसते बसून राहिले म्हणालीस. बाळ दचकून रडलं, तेही माझ्याच नावावर.

फोनवर हा विषय काढला की तू कट करतेस. म्हणून कागदावर. आठवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, चालवून घे.

तो चाकांचा, दिवे लुकलुकणारा स्पीकर घेऊ नकोस. स्वस्त आहे म्हणतेस, असू दे. मी इथे साऊंडवाल्याकडे दिवसभर हेच उचलतो, वायरी गुंडाळतो, कुठला डबा कसा बोंबलतो ते आता कानाला कळतं. त्या दिव्यांच्या डब्यात नुसती धबधब. वरातीला ठीक आहे. आपलं काय, तू गाणार, बाबांची पेटी, समोर चटईवर पन्नासेक माणसं. तिथे तुझा शब्द पोचला पाहिजे. धबधबीत पेटी बुडते, तू घसा ताणतेस, आणि मग दोन दिवस हळद-दूध.

लहान, बॅटरीवाला डबा बघ. एका हाताने उचलता येईल असा, कारण बाबा तो तुला उचलू देणार नाहीत आणि त्यांचा खांदा कसा आहे ते तुला माहीत आहे. दुकानात पेटी घेऊन जा आणि तिथेच गा, लाज वाटली तरी. दुकानदार पेनड्राईव्हवरचं गाणं लावून दाखवेल. त्यावर जाऊ नकोस, त्यात सगळेच डबे छान वाजतात. एको बंद करून ऐक. तुला एको आवडतो, पण विहारात सगळी फरशी आहे, एका शब्दाचे तीन होतात. आणि डबा तुमच्या पाठीमागे ठेवू नका. पुढे, बाजूला, तोंड माणसांकडे. नाहीतर माईक त्याचाच आवाज ओढून शिट्टी मारतो.

माईकची तीन भोकं असलेलाच घे. तिन्हींचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे.

तू म्हणालीस, "दोन बस झाले रे. ढोलकी ब्लूटूथवर येते की."

येते. पण बक्षीस आलं की काय करतेस? कोणी नोट घेऊन पुढे आलं की तू गाणं थांबवून माईकवर त्याचं नाव घेतेस. तोवर बाबा पेटीचा सूर धरून ठेवतात, आणि मी ढोलकी नुसती बोटांवर खेळवायचो. नाव संपलं की थाप, आणि तू परत गाण्यात. मोबाईलला काय कळतं नाव कधी संपलं? तो आपला पुढे निघून जातो आणि तू त्याच्या मागे धावतेस.

म्हणून तीन. दुसरं काही कारण नाही.

इकडे बरं चाललंय. भात खातो. तमिळ अजून येत नाही, हाताने खुणा करतो, काम भागतं. मराठी बोलायला कोणी नाही, पण एक गंमत सांगतो. कार्यक्रमाच्या आधी माईक तपासायला मालक मला स्टेजवर उभं करतो. मोडक्या हिंदीत बोलत राहा म्हणतो, काहीही बोल. मोकळा हॉल, रिकाम्या खुर्च्या. मी मराठीत बोलतो. काय जेवलो, कुठला खांदा दुखतोय, आपल्या विठ्ठलवाडीला आत्ता नळाला पाणी आलं असेल. कोणाला काही कळत नाही. मालक खूश आहे, म्हणतो हा पोरगा थांबतच नाही.

परवा बोलता बोलता माझ्या तोंडून बक्षिसाचंच नाव निघालं. दगडू शेजवळ यांच्याकडून एकावन्न रुपये, असं. बाबांचं नाव. ते संपलं आणि माझा हात थाप मारायला खाली गेला. खाली काही नव्हतं.

माझी ढोलकी खिळ्यालाच आहे ना? कोणी वाजवत नसेल तर कड्या ढिल्या करून ठेव. ताणलेली राहिली तर चामडं जातं. कोणी वाजवत असेल तर तसं सांग. मला राग नाही येणार.

जयंतीला येतो म्हणालेलो. त्यासाठी पैसे वेगळे ठेवलेले, जायचं-यायचं तिकीट, बाबांना शर्ट, आणि खाडे पडतील त्याचं. तीन भोकांच्या डब्याला तुमच्याकडचे पैसे कमी पडतात असं तू म्हणालीस. जयंतीपर्यंत दोन्ही होणार नाही, मी सगळ्या बाजूंनी करून बघितलं. डबा घ्या. जयंतीला तो हवाच. मी मग बघतो, पुढे कधी.

बाबांना हे हळू सांग. पेटी काढून बसले असतील तेव्हा सांग.

यंदा ढोलकी मोबाईलचीच लाव. आवाज आधी मोबाईलात उतरवून घे, मग फोनवर विमानाचं चिन्ह असतं ते दाब, आणि ब्लूटूथ परत चालू कर. मग मध्ये कोणाचाही फोन येणार नाही. माझासुद्धा. पण तिसरा माईक लाव, स्टँड बाबांच्या उजव्या हाताला असू दे. समोर कोणी नसलं तरी.

आणि एक कर. गाणं रंगात आलं की थांब, आणि नाव नीट घे, एको न लावता: कोइमतूरवरून, आपले ढोलकीवाले, राजरत्न दगडू शेजवळ यांच्याकडून, सात हजार पाचशे रुपये.