मौनव्रत सोडण्याविषयी

धुळे,
गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर १९९७

तीर्थस्वरूप भागाअक्का हिच्या चरणी पंचावन्न वर्षांचे बालक शालिग्राम याचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र जीवरामदाजी तुला वाचून दाखवतील, असे गृहीत धरले आहे. दाजी, अवघड शब्दापाशी अडखळलात तर खुशाल पुढे जावे. माझ्या अवघड शब्दांत अर्थ क्वचितच असतो.

इकडे सर्व क्षेम. निवृत्तीस तीन वर्षे उरली. शाळेत संस्कृत घेणारे विद्यार्थी नऊ. पैकी सहा गुणांच्या लोभाने आले, तिघे गैरसमजाने. तुमची कापूसवेचणी आटोपत आली असेल.

एक किरकोळ वार्ता. माझी रास कर्क, हे तू जाणतेसच. आता रोगानेही तीच रास धारण केली आहे. स्थान, उजवे फुफ्फुस. दाजी, एवढे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

परवा मंगळवारी जळगावी माझ्यावर अभिषेक झाला. महादेवावर गळती टांगतात, तद्वत मजवर बाटली टांगली. द्रव्य अगदी नवे. त्या दवाखान्यात ते घेणारा मी दुसराच. कुठल्याशा परदेशी वृक्षाच्या सालीतून काढतात म्हणे. म्हणजे अखेर काढाच! डॉक्टर म्हणाले, "सर, पहिली दहा मिनिटं जपायची. काही वाटलं तर लगेच बोला." मी उत्तरलो, "बोलणे हा तर माझा चरितार्थ आहे."

काढ्यावरून माझा हिवताप आठवला. आई गेली ते वर्ष. तू तेरा वर्षांची, मी सहा. तू आधी स्वतः घोट घेऊन, तोंड जराही वाकडे न करता म्हणायचीस, "गोड शे रे भाऊ!" इतके निर्मळ असत्य मी पुन्हा ऐकले नाही. मग वाटी रिकामी होईतो तुझी अखंड कथा चाले: निंबाकाकांची म्हैस विहिरीत कशी पडली, कोणी काढली, वर येऊन तिने कोणाला लाथ मारली. म्हैस रोज नव्या माणसाला लाथ मारी. मी ऐकत ऐकत कडू गिळी.

तेच तुझे बोलणे मला मालतीच्या लग्नात खुपले. व्याही पुण्याचे. तू मंडपभर हाक दिलीस, "या ना इहीनबाई, जेवाले बठा!" मी तुला मंडपामागे नेऊन म्हणालो, "अक्का, पाहुण्यांपुढे जरा मौन पाळ." आज्ञापालनात तू कुलश्रेष्ठ. सहा वर्षे पाळलेस.

तर मंगळवारी चौथ्याच मिनिटाला माझी छाती आवळली, चेहरा पेटला, श्वास मिळेना. अशा प्रसंगी आपल्या मुखातून एखादे स्तोत्र निघेल, असा माझा तीस वर्षांचा समज होता. निघाले ते असे: "अक्का वं, मरी गऊ!"

परिचारिका लताबाई अमळनेरकडच्या. त्यांनी बाटली थांबवली, इंजेक्शन दिले, पाठ चोळली. मला श्वास येताच म्हणाल्या, "माय वं! सर, तुम्हले आपली बोली येस? अक्का कोठे शे? बाहेर बठेल शे का? बलाऊ का?"

मी छताकडे पाहू लागलो. तुझी भावजय पुष्पा म्हणाली, "त्यांनाच विचारा. त्यांनीच गप्प बसवलंय तिला."

अर्ध्या तासाने बाटली पुन्हा सुरू झाली, अगदी संथ. मग काही झाले नाही.

आणखी एक अपराध. त्या सकाळी जाताना गाडी एरंडोलला थांबली. तुमचे गाव तिथून कोसावर. ओळखीचे कोणी दिसू नये म्हणून मी दहा मिनिटे वाकून चपलेचा बंद लावत होतो. चपलेला बंद नाही.

दुसरी बाटली मंगळवारी, २ डिसेंबरला. गाडी एरंडोल स्टँडवर साडेआठच्या सुमारास येते. माझ्या शेजारची जागा रिकामी असेल. पुष्पा मागे बसणार आहे. औषध लागू पडेल का, असे विचारले तर डॉक्टर "बघू या" म्हणतात. दवाखान्यात पुष्कळ माणसे असतात, शिकलेली, पुण्या-मुंबईची. त्यांच्यासमोर तू तीन तास मोठ्याने बोलावेस.

क्षमा मागायला संस्कृतात स्तोत्रे विपुल आहेत. दोन दिवस चाळली. एकही कामाचे नाही.

मी चुकनू अक्का. माले भेव वाटस. तू ये.

तुझा
शाल्या