पायरीची उंची चौदा इंच

मु. पो. ईट, ता. भूम, जि. धाराशिव
रविवार, १६ मार्च २०२५

चि. सौ. जाईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व येथे कुशल आहोत. तुमचीही खुशाली असावी असे धरून चालतो. अकरा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने आधी आपली ओळख द्यावी काय, असा प्रश्न पडला होता. परंतु माझे अक्षर तू ओळखशील. तुझी बाराखडी मीच गिरवून घेतली होती, आणि ‘झ’ तुला अखेरपर्यंत जमला नाही.

पत्रास कारण की, आपल्या घरी नवी गाडी आली आहे.

गाडी म्हणजे पिकअप. होय, पिकअपच. येथे तू कागद खाली ठेवून बलभीमरावांना हाक मारली असशील. मार, आणि पुढचे मोठ्याने वाच.

सूनबाई सोनाली हिच्या खव्याच्या भट्ट्या दोनाच्या पाच झाल्या. रोजचा खवा बार्शीला पोहोचवायचा तर स्वतःचे वाहन हवे. ती म्हणाली, “आण्णा, दोन गाड्या कशाला? एकच अशी घेऊ, सकाळी खवा न्हील अन् दुपारी आपल्याला.” मी मोटारीच्या पक्षाचा. संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने खव्याच्या डब्यांसह प्रवास करावा, हे मला रुचेना. परंतु तिचा तर्क बिनतोड होता, आणि बिनतोड तर्कापुढे मान न तुकवणारा विद्यार्थी मी आयुष्यभर वर्गात खपवून घेतला नव्हता.

पुढे, दोन ओळी आसनांच्या आणि मागे हौदा असलेल्या जेवढ्या पिकअप मिळतात, त्या सर्वांचा मी तक्ता केला. अठरा निकष, प्रत्येक निकषाला वेगळा भार. बार्शी, धाराशिव, सोलापूर अशा तिन्ही गावी आम्ही सहकुटुंब गेलो. तुझी वहिनी चंद्रप्रभा दर खेपेला दशम्या आणि शेंगाचटणी बांधून घेई. चि. रणधीर बॉनेट उघडून आत डोके घाली, सोनाली हौद्यात चढून डबे मांडल्यासारखी पावले टाकी, आणि मी टेप घेऊन खाली वाकलेला. राजनंदिनी, म्हणजे तुझी नात, नऊ वर्षांची आहे. तिने स्वतंत्र तक्ता केला होता. त्यात निकष एकच: हॉर्न.

एका दुकानातील विक्रेत्याच्या गळ्यात टाय होता आणि पायांत स्लीपर. मी विचारले, “मागच्या आसावर किती भार चालतो?” तो म्हणाला, “सर, ह्या मॉडेलला मागणी लई आहे.” मी त्यास शून्य गुण दिले. राजनंदिनीने हॉर्नला नऊ दिले. त्या दिवशी परतताना येडशीच्या पुढे आम्ही झाडाखाली दशम्या खाल्ल्या आणि रणधीरने त्या विक्रेत्याची अशी नक्कल केली की माझ्या घशात घास अडकला. घरात इतके हसू मी पुष्कळ दिवसांत ऐकले नव्हते.

आता एक निकष सांगणे भाग आहे. अठरांपैकी सर्वाधिक भार मी ‘पायरीची उंची’ या रकान्याला दिला होता. जमिनीपासून पाय किती वर उचलावा लागतो, ते. प्रत्येक गाडीपाशी मी हे माप तीन वेळा घेत असे. सोलापुरात चंद्रप्रभेने मला बाजूला घेतले.

“कुणासाठी मापं घ्यायलाव?”

“वृद्धापकाळाची तरतूद आहे,” मी म्हणालो.

“माझं गुडघं ठणठणीत हैत. तुमी तर अजून धावत जिना चढताव. गुडघ्याचं ऑपरेशन जाईवन्संचं झालंय. अन् ते तुमाला म्हाईत हाय, हे मला म्हाईत हाय.”

दर गुरुवारी ती तुला फोन करते, तेव्हा मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असतो. तेवढ्या वेळात मी पान उलटत नाही, असे तिचे निरीक्षण आहे. निरीक्षण अचूक आहे.

गाडी ठरली. पांढरी, पाच आसनांची. मूळ पायरी एकवीस इंचांवर होती. वेल्डिंगवाल्या गुंडप्पाकडून तिच्याखाली दुसरी करून घेतली, चौदा इंचांवर. त्याने ती दोनदा तिरकी बसवली. तिसऱ्यांदा मी लेव्हल घेऊन शेजारी उभा राहिलो. “सर, पाय ठेवायचाय, गणित न्हाय सोडवायचं,” असे तो पुटपुटला. मी ऐकले नाही असे दाखवले.

परवा गाडी दारात आली, आणि दारातच राहिली.

आपल्या अंगणाचे फाटक मी स्वतः आखलेले, साडेसहा फूट रुंद. गाडी आरशांसकट सात फूट. अठरा निकषांत फाटक नव्हते. अख्खी आळी जमली. समोरचा बजरंग ओट्यावरून म्हणाला, “सर, सोलापूरपातुर समद्या गाड्या मोजल्या, घरचं फाटक तेवढं मोजायचं ऱ्हायलं व्हय?” मी गंभीरपणे घोषणा केली की उद्या डावा खांब पाडण्यात येईल. गुंडप्पा पहार आणायला निघालासुद्धा. तेवढ्यात रणधीरने मला न विचारता फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“मामा, गाडी फाटकात बसंना. खांब पाडावा म्हणत्यात आण्णा.”

पलीकडून अकरा वर्षांनी बलभीमरावांचा आवाज आला. “आरं, आधी आरसे मिटवा की.”

आरसे मिटवले. गाडी दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच राखून आत गेली. सारी आळी हसली. बजरंग तर ओट्यावर आडवा झाला. जाई, मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरले, तरी फोन चालूच होता.

“आण्णा हैत का तितं? त्यांना म्हणावं, गाडी चांगली निवडली.”

मला पुष्कळ बोलायचे होते. मी म्हणालो, “ठीक आहे.” त्यानंतर फोन बंद झाला. हे पत्र त्या ‘ठीक आहे’च्या पुढचे आहे.

रणधीरच्या लग्नाच्या सकाळी बलभीमराव आपली पिकअप धुऊन, झेंडूच्या माळा घालून याच फाटकाशी घेऊन आले होते. हौद्यात गादी, गादीवर पांढरी चादर. “आण्णा, बायामाणसांना आरामात नेतो,” म्हणाले. मी चारचौघांत म्हणालो, “माणसांसाठी मोटारी सांगितल्या आहेत. यात भांडी घाला.” त्यांनी चादरीची घडी केली, गादी उतरवली आणि भांडी भरली. तू, नवरदेवाची एकुलती आत्या, नवी पैठणी नेसून त्या पातेल्यांमध्ये जाऊन बसलीस. केबिनमध्ये नवऱ्याशेजारची जागा रिकामी असताना. भूमच्या कार्यालयापर्यंत तशीच आलीस, अक्षता टाकल्यास आणि निघून गेलीस. मी पुढच्या मोटारीत होतो. मागे वळून पाहिले नाही. आरशात मात्र सारा रस्ता पाहत होतो.

माणसाला गुण देण्याची मला सवय आहे. त्या दिवसाचे माझे गुण मी कधीच मांडले नाहीत, कारण ते मला ठाऊक होते.

आता मुख्य काम. तीर्थरूप तात्यांचा नेम तुला स्मरत असेल: नव्या वाहनाला घरच्या लेकीने ओवाळल्याखेरीज त्यात ओझे घालायचे नाही. बैलगाडी तू ओवाळलीस तेव्हा सात वर्षांची होतीस. निरांजन हलले आणि तात्यांच्या धोतराला भोक पडले. ट्रॅक्टरही तूच ओवाळलास. ही गाडी अद्याप तशीच उभी आहे आणि खवा भाड्याच्या टेम्पोतून जातो आहे. सोनाली म्हणते, “राजनंदिनी ओवाळील की, तीबी लेकच हाय.” मी नाही म्हणालो. थोरली लेक हयात आणि दोन तासांच्या वाटेवर असताना धाकटीच्या हाती ताट द्यायचे नाही. राजनंदिनी रुसली नाही. हॉर्न वाजवायचा मान तिने मागून घेतला आहे.

पाडवा रविवारी, तीस तारखेला आहे. तुम्ही दोघे यावे. बलभीमरावांनी आपली पिकअप घेऊन थेट अंगणात यावे. फाटकाशी आरसे मी स्वतः मिटवीन. तू ओवाळलेस की नवी गाडी वेशीवरच्या मारुतीपर्यंत जाईल. बलभीमराव चालवतील आणि त्यांच्याशेजारी तू बसशील. मागे तुझी वहिनी, सोनाली आणि राजनंदिनी. रणधीर नारळ घेऊन चालत पुढे जाईल.

मी हौद्यात बसेन. हौद्यात माणूस बसवणे नियमाला धरून नाही, हे मी जाणतो. म्हणून गावातल्या गावात, दोनशे पावले, आणि बलभीमरावांनी चालीच्या वेगाने न्यावी. प्रसादाची पातेली तेथेच ठेवायची आहेत. चंद्रप्रभा माझ्यासाठी गादी घालणार होती. मी नको म्हणालो. तुला मिळाली नव्हती.

चौदा इंच मी पुन्हा एकदा मोजून पाहिले आहेत. तरीही चढताना आधार लागला, तर हात धरायला मी पायरीशी उभा असेन.

पदव्या आज खाली लिहीत नाही.

तुझी वाट पाहणारा,
आण्णा