यावेळी वाट पाहिली नाही

आई, मला मुलगा झाला. पण एवढंच लिहून भागणार नाही, कारण त्याच्या मोठ्या बहिणीलाही तू पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आता मी शाळेत शिकवते, नवरा रेल्वेत आहे, आणि लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही दुर्गाघाटावर बाबांजवळच राहायला आलो. ज्या स्वयंपाकघरात तू यात्रेकरूंच्या पंगतींना पुरेल एवढा भात शिजवायचीस, तिथे आता आमच्या चौघांचा लहानसा कुकर लागतो. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे यजमानांची कार्यं त्यांनी सोडली. सकाळी मात्र घाटावर जाऊन येतात आणि परत येताना नातीसाठी काहीतरी गोड आणून मला चिडवतात.

तर यावेळी तारीख उलटून गेली तरी बाळ यायचं नाव काढेना. मुलगी रोज शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकायची आणि माझ्या पोटाला कान लावून म्हणायची, "आज पण नाही आलं? सो रहा है क्या?" तिचं मराठी असंच आहे, अर्धं गल्लीतलं. मला हसू यायचं. मग तपासणीला गेले तर डॉक्टर म्हणाल्या, पाणी कमी व्हायला लागलंय, थांबण्यात अर्थ नाही, उद्या सकाळी भरती व्हा, औषध देऊन कळा आणू. मी घरी आले ती तोंड पाडूनच. पहिल्या वेळी कळा आपसूक आल्या होत्या, भाजी चिरता चिरता. आणि शाळेतल्या एका बाईंनी मला आधीच घाबरवून ठेवलं होतं, "सुई वाला दर्द बड़ा जालिम होता है, झेल नहीं पाओगी." मी नवऱ्याला म्हटलं, "दोन-तीन दिवस थांबू या ना. येतील कळा. त्याची वेळ झाली की ते येईलच." तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "तुला नको असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारू."

बाबा तिथेच ताटात डाळ निवडत बसले होते. या बाबतीत ते कधी बोलत नाहीत, तुला माहीत आहे. पण त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "नाही पोरी. वाट बघायची नाही. आम्ही बघितली होती."

एवढंच बोलून ते उठून बाहेर गेले. आणि मी तिथेच, सहा वर्षांची झाले. तू ओट्याशी उभी आहेस, पोट एवढं मोठं की पोळपाटापर्यंत हात नीट पोचत नाही. साताऱ्याकडची मंडळी श्राद्धाला आलेली आहेत. शेजारच्या काकू म्हणतायत, दिवस वर गेले की मूल शहाणं होतं. सगळेच म्हणायचे, येतील कळा, घाई काय आहे. तू लाटता लाटता थांबतेस, पिठाचा हात तसाच पोटावर ठेवतेस, दाबून बघतेस. मग म्हणतेस, "काकू, हा आज हलला नाही हो." तुला खुर्चीत बसवून चौघांनी गल्लीतून उचलून रस्त्यापर्यंत नेलं. मी मागून धावत होते. परत आलीस ती चालत आलीस, आणि तुझ्या हातात काही नव्हतं.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणून मी भरल्या पंगतीत विचारलं, "आई, बाळ कुठे ठेवलंस?" तू इतक्या जोरात ओरडलीस, "पाणी वाढ! तोंड बंद!" की जेवणाऱ्यांचे हात थांबले. त्यानंतर मी विचारलं नाही. होळीच्या आधी एका दुपारी, काही कारण नसताना, तू मला नावेने रामनगरला नेलंस. आपण मातीच्या कुल्हडातली लस्सी प्यायलो. मला वाटलं, आज काय सण आहे. येताना मधल्या धारेत नाव आली तेव्हा तू पाण्याकडे बघत म्हणालीस, "मुलगा होता. केस भरपूर होते. इथेच कुठेतरी सोडला त्याला. बाबांनी कापड उघडून पाहिलं नाही, त्यांना धीर झाला नाही. मी पाहिला होता." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "त्या दिवशी रागावले नव्हते गं. ओरडले नसते तर रडले असते, आणि पंगत उठली असती." पुन्हा तो विषय आपल्या घरात निघाला नाही. बाबांनी यावेळी काढला तो पहिल्यांदा.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी भरती झाले. बाबांनी हट्टाने सोबत यायचं ठरवलं. गल्लीतून काठी टेकत रस्त्यापर्यंत आले आणि ई-रिक्षात मुलीला मांडीवर घेऊन बसले. आधी औषध आत ठेवलं, मग बराच वेळ काहीच होईना. पोटाला पट्टा बांधून मशीन लावलं होतं, त्यातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज येत होता, घोडा पळाल्यासारखा. बाळ ठीक आहे ना, असं मी विचारलं की सिस्टर म्हणायची, "सुन रही हैं न? मस्त है आपका बच्चा, आप ही डर रही हैं." दुपारी सलाइनमधून औषध सुरू केलं, आणि मग शाळेतल्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या हे कळलं. कळ ओसरून श्वास घ्यावा तोवर दुसरी. मी नवऱ्याचा हात इतका दाबला की अंगठी त्याच्या बोटात रुतली. मी म्हटलं, "मला नाही जमणार." तो म्हणाला, "जमतंय की, चालूच आहे." मला त्याचा भयंकर राग आला, आणि रागातच जोर लागला. बाहेर अजून ऊन होतं तेव्हा बाळ रडलं. काय तो आवाज! सिस्टर म्हणाली, "लो, आ गए महाराज. इतना मनवाना पड़ा!"

बाबांच्या हातात त्याला दिलं. ते बाकावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. मुलगी म्हणाली, "आजोबा, मला पण," तरी त्यांना ऐकू गेलं नाही. शेवटी सिस्टरच म्हणाली, "नानाजी, अब दीजिए, दूध पिलाना है." त्यांनी त्याला माझ्याकडे दिलं आणि नाक पुसत बाहेर चहा प्यायला गेले. आता घरी बाबाच त्याला तेल लावतात, आणि कुणी मदतीला गेलं तर खपत नाही.

हे पत्र तुला कुठे पाठवणार? घाटावर लोक पाण्यात काय काय सोडतात, पण माझ्याच्याने ते व्हायचं नाही. कपाटात साड्यांखाली ठेवून देईन. फक्त एक गोष्ट कबूल करते. त्या दुपारी मी 'आई गं' म्हणून कितीदा ओरडले असेन, गल्लीपर्यंत ऐकू गेलं असेल. पण त्यात तू नव्हतीस. तुझी आठवण मला एकदाही झाली नाही. मला फक्त माझा मुलगा हवा होता. तू आठवलीस ती घरी आल्यावर, आयता वरणभात पुढे आला तेव्हा, आणि तेव्हाही मी आधी पोटभर जेवून घेतलं.