पाच कॉलेजांचे केसपेपर

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (तू माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी. नर्सिंगच्या हॉस्टेलात एकाच खोलीत आपण तीन वर्षं एकमेकींच्या चपला घातल्या, तरी नातं ते नातं, म्हणून नमस्कार. ड्युटीवरून आत्ताच आल्यामुळे तो खुर्चीत बसूनच केला आहे. कंबर सरळ झाली की उरलेला करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? काका पथ्य पाळतात, की तुझी पाठ वळली की डबा उघडतात? तुझ्या दवाखान्यातले डॉक्टर स्वतःचं अक्षर अजून तुझ्याकडूनच वाचून घेतात का? इकडे आम्ही सगळे मजेत. लेक उंच झाली, हे रुंद झाले आणि मी, हसू नकोस, विद्यार्थिनी झाले.

आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर दोन वर्षांनी रिटायर होताहेत हे तुला माहीत आहेच. त्यांच्या खुर्चीवर मी बसावं असं त्यांना वाटतं, वॉर्डाला वाटतं आणि खोटं कशाला बोलू, मला तर फारच वाटतं. एकवीस वर्षं तिथे काढली. कुठल्या खाटेचं चाक अडतं आणि कुठल्या डॉक्टरांना चहाच्या आधी काही विचारायचं नसतं, हे मी डोळे मिटून सांगेन. पण ऑफिसातून कागद आला, की यापुढे वॉर्डाची जबाबदारी फक्त पदवीवाल्यांना. आपल्या हातात डिप्लोमा. म्हणजे पदवी घेतली नाही तर त्या खुर्चीवर बाहेरून कुणीतरी येणार, अडणारं चाक तिला मीच दाखवणार आणि वर तिलाच रजा मागणार. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पोटभर जेवले आणि ठरवलं, की नोकरी सांभाळून, घरबसल्या, ऑनलाइन पदवी घ्यायची.

घरात सांगितलं. लेक म्हणाली, "आई, तू व्हिडिओ कॉलवर नुसतं कपाळ दाखवतेस, सर तुला ओळखणार कसे?" ह्यांनी खिशातून टेप काढला आणि खोली मोजायला लागले. सुताराशी संसार केला की असं होतं. कॉलेज ठरायच्या आधी टेबल तयार. तेही खोलीतच ठोकलं, आणि ठोकून झाल्यावर लक्षात आलं की ते दारातून बाहेर निघत नाही. आता मी नापास झाले तरी टेबल मुक्कामाला आहे. (दिसायला मात्र देखणं झालंय. लेक त्याच्यावर इस्त्री करते.)

मग मी शेण खाल्लं. एका वेबसाइटवर 'अधिक माहिती हवी आहे का' अशी चौकट होती, तीत मी माझा फोन नंबर टाकला. मावशी, तू कधीही हवी म्हणू नकोस. पाचव्या मिनिटाला पहिला फोन आला आणि त्यानंतर चार दिवस फोनचा नुसता पाऊस. मी ड्रेसिंग करत असले की फोन, सलाईन लावत असले की फोन. एक गोड आवाजाचा मुलगा तर मला 'मॅडम, तुमचं आयुष्यातलं स्वप्न काय आहे?' असं विचारत होता, आणि माझ्या हातात त्या वेळी पेशंटचं भांडं होतं, रिकामं नसलेलं. मी म्हटलं, सध्या संडासापर्यंत पोचणं. तो म्हणाला, आमच्या कोर्समध्ये तेही शक्य आहे. मी विचारायचे साध्या गोष्टी, म्हणजे पदवीला मान्यता आहे का, प्रॅक्टिकलचे तास माझ्याच वॉर्डात धरतील का, परीक्षा ड्युटीच्या दिवशी आली तर काय. ते सांगायचे, की आमचं ॲप वापरायला फार सोपं आहे.

शेवटी पाच कॉलेजांची माझ्या डोक्यात अशी खिचडी झाली, की कुठलं काय म्हणालं ते आठवेना. आपल्याला एकच पद्धत येते, तीच वापरली. पाच कोरे केसपेपर घेतले आणि प्रत्येक कॉलेजला एकेक खाट दिली. खाट एक: मान्यतेचा विषय काढताच रुग्ण विषय बदलतो, लक्षणं संशयास्पद, ताबडतोब बंद करावे. खाट दोन: बडबड वाढलेली, दर वीस मिनिटांनी फोन, शांत राहण्याचा सल्ला दिला, उपयोग नाही. खाट तीन: स्वतःला ऑनलाइन समजतो, प्रत्यक्षात आठवड्यातून चार दिवस समक्ष बोलावतो, रुग्णास भ्रम. खाट पाच: सगळ्याला हो म्हणतो, हे लक्षण बरं नाही. आणि खाट चार. मान्यता आहे, प्रॅक्टिकल स्वतःच्या वॉर्डात चालतं, तास आपल्या सवडीने ऐकता येतात. एकच तक्रार, तिथे कुणी फोन उचलत नाही. मी लिहिलं, 'प्रकृती मुळात उत्तम, दोन दिवस प्रतिसाद नाही, दर चार तासांनी पाहणे', आणि हाताच्या सवयीने खाली तारीख, वेळ घालून सही ठोकली. फॉर्मची मुदत संपायला आठच दिवस राहिले होते.

हे कागद मी वॉर्डाच्या फाइलीत ठेवले आणि तिथेच विसरून दोन दिवसांच्या सुट्टीवर गेले.

दुपारच्या पाळीला आमच्याकडे एक सिस्टर आहेत, त्यांना सगळे घड्याळबाई म्हणतात, कारण भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर त्यांना बघून लावतात. फाइलीत कागद आहे आणि खाली सही आहे, म्हणजे ते काम झालंच पाहिजे, मग ते देवाचं असो की धोब्याचं. त्यांनी खाट चार वाचली. रुग्णाच्या नावाच्या जागी कॉलेजचं नाव आणि फोन नंबर आहे हे त्यांना दिसलं. (त्या काही खुळ्या नव्हेत.) पण 'दर चार तासांनी' म्हणजे दर चार तासांनी. त्यांनी दोन वाजता फोन केला, सहा वाजता केला आणि पाळी संपताना पुढच्या सिस्टरला रीतसर ओव्हर दिला, की खाट चार अजून बोलत नाही, लक्ष ठेव. तिने रात्रीही लावला आणि लिहिलं, 'उत्तर नाही, झोपेत असावा'. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून पाचही केसपेपर वाचले, खाट एकवर 'सहमत' असं लिहून सही केली आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

त्याच दुपारी, सातव्या फोनला, खाट चारने फोन उचलला. कॉलेजच्या रजिस्ट्रारबाई स्वतः होत्या. कोण बोलतंय म्हणून त्यांनी विचारलं, आणि आमच्या घड्याळबाई सवयीने म्हणाल्या, "हॉस्पिटलातून बोलतेय, वॉर्ड पाच. काल दुपारपासून तुम्हालाच लावतोय." बिचारीला वाटलं, घरातल्या कुणाचं काही बरंवाईट झालं. तिच्या हातून पेन पडलं, स्टूल पडलं, काय काय पडलं ते घड्याळबाईंनी ऐकलं आणि फाइलीत लिहिलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की सगळे सुखरूप आहेत, आमच्या एका सिस्टरला तुमच्याकडे शिकायचं आहे, एवढंच. त्या बाईंना इतकं हायसं वाटलं, की आधी त्या रडल्या, मग हसल्या आणि मग अर्धा तास बसून त्यांनी एकेक प्रश्नाचं उत्तर दिलं. फोन का उचलत नव्हता तेही कळलं. त्यांच्या ऑफिसात रंगकाम चाललं होतं आणि फोन कपाटामागे गेला होता.

सुट्टीवरून आले तर फाइलीत खाट चारच्या खाली दोन पानं भरलेली. पाच सिस्टरांची अक्षरं, प्रत्येकीची वेळ, प्रत्येकीची सही. शेवटची नोंद, 'दुपारी २:००. रुग्ण बोलला. फॉर्म पाठवतो म्हणाला. सिस्टरला कळवावे.' मावशी, मी कपड्यांच्या खोलीत जाऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसले आणि चांगली पाच मिनिटं रडले. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांचे केसपेपर लिहिले. माझ्या कामासाठी कुणी चार तासांनी उठेल असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. फार आनंद झाला. तोंड धुऊन बाहेर आले आणि त्याच दुपारी फॉर्म भरला. प्रवेश पक्का झाला. पहिला तास पुढच्या रविवारी आहे.

बाकी सगळं ठीक. काकांना माझा नमस्कार सांग आणि डबा वरच्या फळीवर ठेव. लोभ आहेच, पण थोडा जास्त लागणार आहे, कारण खाली वाच.

तुझी भाची आणि खोलीतली जोडीदारीण

ता. क. – फाइलीत सहावा कागदही होता. मंगळवारी आणि शुक्रवारी तुला एका बाईंचा फोन आला असेल, भूक लागते का, झोप लागते का, शिकावंसं वाटतं का, असं विचारणारा. त्या आमच्या घड्याळबाई. सहाव्या केसपेपरवर मी लिहिलं होतं: 'तक्रार, आता या वयात काय, असं वारंवार म्हणते. पूर्वेतिहास, डिप्लोमाला वर्गात पहिली. पदवीची जागा मिळालेली, धाकट्या भावंडांसाठी सोडली, त्यावर आजवर एक शब्द बोललेली नाही. दर तीन दिवसांनी विचारपूस करणे.' मंगळवारी तू 'नको' म्हणालीस. शुक्रवारी म्हणालीस, 'वेळ असता तर.' घड्याळबाईंनी त्याच्यासमोर 'सुधारणा' असं लिहिलंय.

ता. क. – सोबत तुझा फॉर्म आहे. सगळा भरलाय, तुझी फक्त सही हवी. तुझ्यावर उपकार करायला बोलावत नाही गं. डिप्लोमा मी तुझ्या वह्यांवर पास झाले हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि त्या वह्यांना माहीत आहे. एकटीने पुस्तक उघडायची मला भीती वाटते.

ता. क. – मुदत परवा संपते, म्हणून पत्र पोस्टाने न पाठवता ह्यांच्या हाती दिलंय. आत्ता तुझ्यासमोर बसलेत ना? सही मिळाल्याशिवाय उठायचं नाही असं बजावलंय. चहा दे, पण कपाट दुरुस्तीला दाखवू नकोस, नाहीतर परवापर्यंत तिथेच राहतील.

ता. क. – सहाव्या कागदावर आज दुपारी मीच लिहून ठेवलंय, 'रुग्ण तयार. सही केली.' वेळ घातली, माझी सही केली आणि घड्याळबाईंना ओव्हर देऊन घरी आले. केसपेपरवर लिहिलेलं कधी खोडायचं नसतं, हे पहिल्या वर्षी मला तूच शिकवलंस.