गच्चीवरचा पर्गोला

२ मार्च २०२५, रविवार

पर्गोला, म्हणजे गच्चीवरचा अ‍ॅल्युमिनियमचा मांडव, धुतला. पाइप, साबणाचं पाणी, जुनी बनियन. अ‍ॅल्युमिनियमला खरखरीत काही लावायचं नाही, हे कॉलनीभर सांगत फिरतो मी. आणि आज मीच तारेचा ब्रश मारला! चारी खांबांच्या बुडाशी रंगाला फोड आलेत. बोअरच्या पाण्याचे क्षार, दुसरं काय. खरवडून काढले.

खाली येऊन मुक्ताला म्हटलं, "लखलखीत झालाय. चल वर, चहा तिथंच घेऊ." ती लसूण सोलत होती.

"तुमीच घ्या की. मला हितंच बरं हाय."

आमच्या लेकाने, दीपकने, चार वर्षांपूर्वी पुण्याहून पैसे पाठवून आईसाठी बसवून घेतला हा. मुक्ता रोज संध्याकाळी वर जाऊन वारं खात बसायची. मागच्या उन्हाळ्यात जिन्यात पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून एकदाही गच्चीवर आली नाही. मी मात्र दर रविवारी धुतोय — येईल आज, येईल उद्या.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांकडे गेलो होतो. "गुडघा एकदम छान, आजी. आता बिनधास्त जिने चढा." रिक्षात बसल्यावर म्हटलं, ऐकलंस ना? ती रस्त्याकडे बघत बसली.

घरी येऊन बोललो. जरा जास्तच बोललो. "गुडघ्याला काही झालेलं नाही, तुझ्या अंगात आळस भरलाय!" तिने ताट वाढलं आणि आत गेली.

१६ मार्च, रविवार

गच्चीला चुना मारला. दरवर्षी मारतो, नाहीतर एप्रिल-मेमध्ये खालच्या खोल्यांत बसवत नाही. थोडा उरला, तो नेहमीसारखा खांबांच्या बुडाला हातभर फासला. शाळेच्या आवारातली झाडं रंगवतात ना, तसं. काय ऐट दिसते!

१७ मार्च

कंबर धरली. बाकी काही नाही.

२६ मार्च, बुधवार

काल संध्याकाळी वावटळ आली आणि पर्गोला गदगदा हलला. आज बसूला बोलावलं. त्यानेच बसवलाय हा. मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कन्नड, कामात चोख. खाली बसला, खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला — आरपार!

"अय्यो काका! चुना कोण मारलं हे?"

"मीच."

"किती वर्षं?"

"चार. अ‍ॅल्युमिनियम कुठं गंजतं?"

डोक्याला हात लावून हसायलाच लागला. "गंजत नाय ओ हे, खरं हाय तुमचं. पण चुना खातंय की याला! वरचं कोटिंग पण तुमीच खरवडलंय."

तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली मी. गाडीच्या आवाजावरून बेअरिंग ओळखायचो. आणि चार वर्षं आपल्याच हाताने खांबांना विष चारत होतो! लाज वाटली. जेवताना मुक्ताला सांगितलं, तर ती लई हसली. ठसका लागेपर्यंत. किती महिन्यांनी हसताना बघितलं तिला. मग मला लाजेचंही काही वाटेना.

४ एप्रिल, शुक्रवार

बसूने पर्गोला सोडवून खाली आणला. चारी खांब वीतभर कापले, नव्या पट्ट्या, स्टीलचे बोल्ट, मध्ये रबर. गच्चीतली जुनी भोकं बुजवलीत, ती नीट वाळायला हवीत. "तवर अंगणात उभा राहू दे काका, आडवा टाकला तर वाकंल." बरं म्हटलं.

५ एप्रिल

उठून बघतो तर बाईसाहेब अंगणात, पर्गोल्याखाली खुर्ची टाकून मेथी निवडत बसलेल्या!

१० एप्रिल, गुरुवार

रोज तिथंच बसते. शेजारची कीर्ती येते. आज विहारातल्या चार बायका आल्या, जयंतीच्या जेवणाचे तांदूळ निवडायला. गप्पा काय, हसणं काय! मी दारातून बघत होतो. बरं वाटलं.

पण गच्चीशिवाय पर्गोल्याला शोभा नाही. रात्री तिला म्हटलंही, "त्याला नवे पाय आले, तुलाही आले. आता दोघं मिळून वर जा." मला वाटलं हसेल. ती कूस बदलून झोपली.

१५ एप्रिल, मंगळवार

बसू दोन माणसं घेऊन आला, पर्गोला वर चढवायला. मुक्ता खुर्चीतून उठेना. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जिन्यात पडले तवा लई हाका मारल्या तुमाला. तुमी वर पाइप लावून ह्योच धूत व्हता. कीर्ती धावत आली, तवा कुटं तुमाला कळलं. त्या जिन्यात पाय ठेवला की मला पुन्ना तितंच पडल्यागत वाटतं."

वर्षभर मी गुडघा, गुडघा करत होतो. आळशी म्हणालो तिला.

बसूला सांगितलं, इथंच पक्का कर.