नापास पेप्टाइडची फेरचाचणी

प्रति,
मा. संचालक,
त्वचारोग संशोधन केंद्र

विषय: माझाच अहवाल चुकीचा असल्याने तो रद्द करून फेरचाचणीस परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: माझ्या सहीचा अहवाल क्र. ११२ व त्यावरून निघालेला आपला काम बंद करण्याचा आदेश.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी चाचणी विभागात एकतीस वर्षे असून बहुतेक औषधे नापास करून परत पाठवतो. केंद्रात मला 'नापास मास्तर' म्हणतात. हे मला ठाऊक नाही, असा सर्वांचा समज आहे.

१. गळवे पिकवणारे काही जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी आमच्या संशोधक बाईंनी सहा वर्षे खपून एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, तयार केला. माझ्या चाचणीत जंतू ठणठणीत राहिले. मी 'निरुपयोगी' असा शेरा मारला व तो अधोरेखितही केला.

२. बाईंनी आधीच बजावले होते, "सर, हे नेहमीच्या प्लास्टिकच्या ट्रेला चिकटून बसतं. मी दिलेले ट्रे वापरा." मी म्हणालो, "तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी याच ट्रेमध्ये जंतू मारतोय." हे विधान खरे आहे. त्याचा प्रश्नाशी संबंध नव्हता, इतकेच.

३. आदेश निघाल्यावर बाई भांडल्या नाहीत, टेबल आवरू लागल्या. ते मला बघवेना. चूक त्यांचीच, हे स्वतःला पटवण्यासाठी मी त्यांच्या ट्रेमध्ये चाचणी केली. जंतू मेले. पुन्हा केली, पुन्हा मेले. तिसऱ्या वेळी मी मनोमन जंतूंच्या बाजूने होतो, तरी ते मेलेच. थोडक्यात, आधी मी औषध प्लास्टिकला पाजले आणि जंतू जगले म्हणून दोष औषधाला दिला.

४. सबब अहवाल रद्द करावा, माझ्या चुकीची नोंद सेवापुस्तकात व्हावी आणि बाईंचे काम चालू ठेवावे.

५. पेप्टाइडच्या उरलेल्या बाटल्या आदेशानुसार सोमवारीच नष्ट झाल्या, मग फेरचाचणी कशाची, असे आपण विचाराल. नष्ट केल्याच्या नोंदीवर सही माझी आहे व ती नोंद खोटी आहे. बाटल्या माझ्या घरी फ्रीजरमध्ये सुखरूप आहेत. पत्नीला सगळे सांगावे लागले. तिने एवढेच विचारले, "त्या मुलीला सांगितलंत का?" सांगितले नव्हते. मला स्वतःची लाज वाटते.

होईल ती कारवाई मान्य असलेला,
आपला नम्र,
(सही)
प्रमुख, चाचणी विभाग
दि. १४ मार्च

सोबत: तिन्ही चाचण्यांच्या नोंदी, खोट्या नोंदीची प्रत.

प्रत: संशोधक बाई. टपालाने नाही, मी स्वतः नेऊन देत आहे.